रक्त नॉर्मल, घोडीला मात्र धाप

चांदणी आता १३ वर्षांची आहे. सारंगखेड्याच्या जत्रेतून आणली तेव्हा पाचची होती. गेल्या दिवाळीनंतर खोगीर चढवलं की खोकायला लागली, मग तोबरा बांधल्यावरही. जानेवारीत उभ्या जागी मिनिटाला २८ श्वास मोजले. निरोगी घोडा निवांत असताना ८ ते १६ घेतो. श्वास सोडताना पोट दोनदा आत ओढलं जायचं आणि बरगड्यांच्या खालून एक रेघ उमटायची. आमचे मोतद्दार मामा म्हणाले, "ताई, हा दमाय. औषधाच्या बाटलीनं जायचा नाही." मी ऐकलं नाही.

आधी प्रतिजैविकांचे दोन कोर्स झाले, फुकट गेले. मग ग्लँडर्सची धास्ती, म्हणजे घोड्यांच्या एका जीवघेण्या संसर्गजन्य आजाराची. त्या तपासणीचं रक्त हिसारच्या घोड्यांच्या प्रयोगशाळेत गेलं, निगेटिव्ह आलं. पण तेवढ्या दिवसांत शेजारच्या तबेल्यातल्यांनी आमचा रस्ताच सोडला. सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, नॉर्मल. जंतुसंसर्गात झपाट्याने वाढणारं सीरम अमायलॉइड ए, तेही नॉर्मल. हातात नॉर्मल कागदांची चळत आणि समोर नाकपुड्या फुलवून उभी असलेली घोडी!

नंतर ज्या डॉक्टर मॅडम आल्या त्यांनी कागद बाजूला ठेवले. "ह्या आजारात रक्त बहुतेक वेळा गप्पच असतं. अमायलॉइड, हॅप्टोग्लोबिन, सरफॅक्टंट प्रोटीन डी या रक्तातल्या प्रथिनांवर संशोधन चालू आहे, पण निदान अजून फुप्फुस धुऊन आलेल्या पाण्यातल्या पेशींवरच होतं." एक अट घातली: फुप्फुस धुऊन होईपर्यंत स्टेरॉइड द्यायचं नाही, नाहीतर पेशींचं चित्र बदलतं. थांबणं जिवावर आलं होतं, पण थांबलो.

भूल हलकी, घोडी उभीच. मामांनी वरच्या ओठाला दोरीचा फास लावला, मी मान वर धरून उभी. जवळजवळ तीन मीटरची नळी नाकपुडीतून सरकायला लागली. श्वासनलिकेच्या फाट्यापाशी पोचताच ती अशी खोकली की मी दोन पावलं मागे गेले. नळीतून लिग्नोकेन, म्हणजे जागा बधिर करणारं औषध, सोडल्यावर शांत झाली. नळी आणखी आत जाऊन अडली, टोकाचा फुगा फुगवला, ३०० मिली कोमट सलाइन आत सोडलं आणि मोठ्या सिरिंजांनी हळूहळू परत ओढलं. सगळं परत येत नाही. जे आलं त्यावर धारोष्ण दुधासारखा फेस होता. मॅडम खूश झाल्या. फेस म्हणजे सरफॅक्टंट, फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्यांचं अस्तर, म्हणजे पाणी खोल फुप्फुसातूनच आलंय.

आणि तो नमुना वाया गेला. कुरिअर दुसऱ्या दिवशी दुपारी पोचला, बर्फ वितळलेला, पेशी फुटलेल्या. लॅबने पैसे मात्र पूर्ण घेतले. बारा दिवसांनी पुन्हा तेच सगळं. या वेळी बर्फाचा डबा मांडीवर घेऊन मी स्वतः गाडीने गेले. मास्ट पेशींसाठी (ॲलर्जीत भाग घेणाऱ्या पेशी) टोलुइडिन ब्लूचं वेगळं रंजन लागतं, नेहमीच्या झटपट रंगात त्या नीट दिसत नाहीत. हे आधीच सांगून ठेवा, तिथे कोणी आपणहून विचारत नाही.

निकाल आला. न्यूट्रोफिल, म्हणजे दाह असला की वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी, ३८ टक्के. साधारण पाचपर्यंत हवेत, २०-२५ च्या वर गेले की आजार तीव्र धरतात. मास्ट १ टक्का. जंतू नाहीत. म्हणजे धुळीचा, बुरशीचा दमा.

मग मी पहिल्यांदा तबेल्यात घोड्याच्या उंचीवरून पाहिलं. डोक्यावर माळा, माळ्यावर कडबा, फटींतून भुरभुर खाली. तोबऱ्यात गव्हाचा भुसा, म्हणजे धुळीची पिशवी थेट नाकाला बांधलेली! हे रोज मीच करत होते. कडबा दुसऱ्या शेडमध्ये हलवला, तोबरा बंद केला. चारा अर्धा तास भिजवून लगेच घालतो, उन्हाळ्यात ठेवला तर आंबतो. झाडलोट घोडी बाहेर असतानाच. सोबत डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड, कमी करत करत. त्यानं खुरांच्या आत सूज येऊ शकते, म्हणून त्यावर रोज लक्ष. जागा न बदलता नुसतं स्टेरॉइड दिलं तर ते थांबवल्यावर धाप परत येते, हे मॅडमनी तीनदा बजावलं.

दहा आठवड्यांनी पुन्हा धुऊन पाहिलं. न्यूट्रोफिल ११ टक्के, श्वास १४. मामा काही बोलले नाहीत, नुसते माझ्याकडे बघत राहिले. शेजारच्या रानात मळणी यंत्र लागलं की मात्र अजूनही खोकते. तेवढे दोन दिवस तिला वरच्या माळावर नेऊन बांधतो.