नवतपा, मिरचीचा बोकड्या आणि मृगाची तयारी

नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, लागला. सूर्य रोहिणीत गेला की अकोल्यात गच्चीवर उभं राहवत नाही, आणि माझी सगळी बाग गच्चीवरच. म्हणून सध्या उन्हं चढायच्या आत वर जाते. पाणी घालून लवकर होतं, खरा वेळ जातो तो पानं उलटून बघण्यात.

जीव अडकलाय तो मिरचीत. शेंड्याची पानं वळायला लागली तशी शेजारच्या काकू म्हणाल्या, "बोकड्या आला, उपटून टाक." पण बोकड्या म्हणतो त्याची कारणं वेगवेगळी असतात. कडा वर वळून पान होडीसारखं झालं तर बहुधा फुलकिडे, कडा खाली वळल्या तर कोळी, म्हणजे जाळी विणणारा नव्हे, पानातला रस शोषणारी अगदी बारीक कीड. पानं बारीक, गुच्छासारखी होऊन झाडच खुजं राहिलं तर पांढऱ्या माशीनं आणलेला विषाणू. त्याला औषध नाही, ते झाड काढावंच लागतं. माझ्या मिरचीची पानं वर वळलेली होती. पांढऱ्या कागदावर शेंडा झटकला तर पिवळसर, सुतासारखे बारीक किडे तुरुतुरु पळायला लागले. फुलकिडेच! मग लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण घालून फवारलं, तेही ऊन पूर्ण उतरल्यावर. भर उन्हात तेल मारलं तर पानं करपतात.

जास्वंदीवर पांढरा पिठ्या ढेकूण आहे. त्याच्या चिकट गोड पाण्यासाठी मुंग्या त्याला जपतात, मित्रकिडींना जवळ येऊ देत नाहीत. म्हणून आधी मुंग्यांची वाट बंद केली, मग पाण्याच्या जोरदार धारेनं फांद्या धुतल्या.

टमाटरची फुलं गळताहेत, पण त्याला मी काहीच मारणार नाही. पारा चाळिशीपार आणि रात्रही तापलेली, अशात परागकण टिकत नाहीत, फळ धरणार कसं? खतही बंद ठेवलंय. आत्ता फुटलेली कोवळी पालवी उन्हात जळूनच जाते. कूलरच्या जुन्या ताट्यांचं गवत मात्र सगळ्या कुंड्यांत अंथरलंय. खालची माती संध्याकाळपर्यंत ओली राहते, आणि आमच्याकडे नळ रोज येत नाहीत, त्यामुळे हे फार मोलाचं.

हळदीच्या कंदांना डोळे फुटलेत, ते याच आठवड्यात सावलीतल्या पसरट टबात लावीन. हळद आठ-नऊ महिन्यांचं पीक, उशीर करून चालत नाही. चमकोऱ्याचे, म्हणजे अळूचे, कंद तिच्याच शेजारी. दोडकं, कारलं, बरबटी (चवळीच्या शेंगा) यांचं बी मात्र मृगाचा पहिला शिडकावा बघून लगेच टाकायचं नाही. ७-८ जूनला मृग लागतो, पण एक सर येऊन पुन्हा आठवडाभर कडक ऊन, हे विदर्भात नेहमीचंच. माती खोलवर भिजली की मगच. वांग्याची रोपं तेवढी हिरव्या जाळीखाली आत्तापासून करायला घेतेय.

गावरान काटेरी वांग्याचं बी कोणाकडे असेल तर सांगा. माझ्याकडे दोडक्याचं भरपूर आहे, बदल्यात देईन.