सरांनी मधेच थांबवलेलं नाटक

महोत्सवाच्या स्मरणिकेसाठी लिहा, असं पत्र आलं आणि डोळ्यांपुढे पहिले उभे राहिले ते एनसीसीचे सर. नाव लिहायची गरजच नाही. आपल्या शाळेत नुसतं ‘नेव्हीवाले सर’ म्हटलं की पुरे. आज मी टीव्ही मालिकांच्या वेशभूषा आणि कलाविभागात काम करते आणि नौदलाचा विषय असला की मला आवर्जून बोलावणं येतं. ही सगळी पुण्याई सरांची.

१९९६-९७ च्या सुमारास दूरदर्शनवर ‘आरोहण’ लागायची. मुलींना नौदलात अधिकारी म्हणून घ्यायला १९९२ मध्ये सुरुवात झाली होती, आणि ही मालिका अशाच एका मुलीची. निर्मिती पल्लवी जोशीची, मुख्य भूमिकाही तिचीच. माधवन त्यात कॅडेट होता. तो कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचा आणि स्वतः एनसीसीतला, हे पुढे कळलं तेव्हा सरांना कोण आनंद झाला होता! सरांनी आम्हा मुलींना घरी बोलावून ती मालिका दाखवली. काकू पोहे करायच्या आणि सर पडद्याकडे बोट दाखवत सांगायचे, “खांद्यावर दोन पट्ट्या म्हणजे लेफ्टनंट, तीन म्हणजे कमांडर, चार म्हणजे कॅप्टन. आणि नौदलातला कॅप्टन म्हणजे लष्करातला कर्नल, घोळ करू नका.” शाळेतलं पथक मुलांचं होतं. तरी मधल्या सुट्टीत व्हरांड्यात आम्हालाही बोलाइनची गाठ मारायला त्यांनीच शिकवलं.

त्याच वर्षी स्नेहसंमेलनात आमच्या वर्गाने नौदलावर नाटक बसवलं. ऐन प्रयोगात आमच्या कॅप्टनने कडक सॅल्यूट ठोकला, तळवा समोर करून. पहिल्या रांगेतून सर उठले, पायऱ्या चढून सरळ रंगमंचावर आले आणि त्याचा तळवा खाली जमिनीकडे वळवला. मग प्रेक्षकांकडे वळून म्हणाले, “तळवा दाखवतो तो लष्कराचा सॅल्यूट. जहाजावर दोरखंड ओढून, डांबर लागून हात काळे व्हायचे. ते वरिष्ठांना दिसू नयेत म्हणून नौदलात तळवा खाली. आता चालू द्या.” नाटक पुढे सुरू झालं. हेडसरांना ते अजिबात रुचलं नव्हतं, पण मला आजही वाटतं, त्या संमेलनात सगळ्यात मोलाचं काही घडलं असेल तर ते तेवढंच.

पुढे १९७१ च्या युद्धावरच्या एका मालिकेत मी काम केलं. आयएनएस खुकरीचा भाग होता. ९ डिसेंबरच्या रात्री दीवजवळ ती बुडाली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांसह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. खरी युद्धनौका कोण देणार? डेक प्लायवूडचं, रंग राखाडी. भाड्याने आणलेल्या नौदलाच्या झेंड्यांवर मधोमध अशोकस्तंभ होता. मी ते परत पाठवले. तो स्तंभ २००४ मध्ये आला. १९७१ चा झेंडा म्हणजे पांढऱ्यावर तांबडा क्रॉस आणि कोपऱ्यात तिरंगा, बस. रात्रभर बसून नवे शिवून घेतले. आता २०२२ पासून तर क्रॉसही गेला आणि शिवरायांच्या राजमुद्रेवरून घेतलेली अष्टकोनी मुद्रा आली. कोणी म्हणालं, “एवढं कोण बघतंय मॅडम?” ज्या घरातला माणूस खुकरीवरून परतला नाही, ते घर बघतं. तालमीत नटांचे तळवे मी एकेक करून खाली वळवले.

सर ती मालिका बघायला राहिले नाहीत. हल्ली मालिका मोबाईलवर एकेकट्याने बघतात. आठवडाभर वाट बघायची, मग पंधरा जणींनी एका खोलीत दाटीने बसायचं, ते संपलंच. शाळेतल्या एनसीसीच्या खोलीत आता संगणक आहेत. ते हवेतच, पण तिथे सरांनी स्वतः केलेला गाठींचा फळा होता, खऱ्या सुंभाच्या दोऱ्यांचा, खाली सरांच्या अक्षरात नावं. तो माळ्यावरच्या अडगळीत पडलाय, असं शिपाईमामांकडून कळलं.

महोत्सव समितीला माझी विनंती आहे की तो खाली काढून सभागृहाच्या दाराशी लावावा. दोऱ्या कुजल्या असतील तर नव्या मी आणते, गाठीही मीच मारते. काच आणि चौकटीचा खर्च माझ्याकडे लावा. समारंभाच्या आदल्या दिवशी सकाळी मी शाळेत पोहोचते आहे.