धुकं काढू नका! योगाच्या खोलीसाठी डोंगराचं चित्र: माझा अनुभव

डोंगराचा फोटो मोठा छापून भिंतीवर लावायचा असेल, तर दुकानात पेन ड्राइव्ह हातातून सोडण्याआधी एक वाक्य बोला: "कलर करेक्शन अजिबात करायचं नाही." बोलून थांबू नका, पावतीवर लिहून घ्या. हे सगळ्यात आधी सांगतेय, कारण खोली, भिंत, फ्रेम हे सगळं माझ्याकडे सहज जमलं. अडलं ते फक्त छपाईत, आणि ते आठवलं की अजून डोकं तापतं.

मुलगी शिकायला बाहेरगावी गेल्यावर आमच्या पुण्याच्या फ्लॅटमधली तिची खोली मोकळी झाली. तिथे आता माझी मॅट, लाकडी विटा, बोल्स्टर (आधाराला घ्यायचा लांबट लोड) आणि पट्टा असतो. अय्यंगार पद्धतीने शिकल्यामुळे मला एक भिंत पूर्ण रिकामी लागते. शीर्षासन, सर्वांगासन, पाय वर टाकून विपरीत करणी, सगळं तिच्याच आधाराने चालतं. त्या भिंतीवर काहीही टांगू नका, काच तर नाहीच नाही. चित्र दुसऱ्या भिंतीवर, जिकडे तोंड करून उभं राहता तिकडे.

डोंगर कोणता, यावर घरात बरीच चर्चा झाली. सासूबाईंना कैलास हवा होता. मलाही तो फार आवडतो. ६६३८ मीटर उंची, दक्षिणेकडच्या बाजूला मधोमध उभी चीर आणि तिला छेदत जाणारे आडवे थर. पण शवासनात पाय कुठे होणार? मॅट कशीही फिरवली तरी कधीतरी कैलासाकडे पाय होणारच. सासूबाईच म्हणाल्या, "मग तो देवघरापाशी लाव, तुझ्या खोलीत दुसरा बघ." कैलास आता देवघराशेजारी आहे आणि तिथे तो शोभतो.

ऑनलाइन तयार चित्रं पुष्कळ मिळतात. ती चाळताना दोन गोष्टी खटकल्या. एक म्हणजे 'हिमालय' म्हणून चक्क मॅटरहॉर्न विकायला ठेवलेला. वाकड्या सुळक्याचा तो डोंगर स्वित्झर्लंड आणि इटलीच्या सीमेवर आहे. डोंगर सुंदरच आहे, पण ज्याचं नाव ते त्यालाच असावं. दुसरी गोष्ट, एकच डोंगर पाच पट्ट्यांत कापून शेजारी शेजारी लावायची पद्धत. दिवाणखान्यात ती चालत असेल. वृक्षासनात एका पायावर उभं असताना नजर एका बिंदूवर ठरवावी लागते, आणि पट्ट्यांच्या मधल्या फटींवरून ती सारखी घसरते. दुकानात असं एक चित्र समोर ठेवून मी उभी राहून पाहिलं, तोल लगेच डळमळला. ज्यांना हिमालयच हवाय, त्यांनी निकोलस रोरिक यांची चित्रं बघावीत. हे रशियन चित्रकार कुलू खोऱ्यात नग्गरला राहिले आणि १९४७ साली तिथेच वारले. मोठे सपाट रंग, बारीक तपशील कमी, नजर शांत बसते. आपल्याकडे त्यांच्या चित्रांचा कॉपीराइटही केव्हाच संपलेला आहे.

मी मात्र सह्याद्रीवर ठाम होते. कारण साधं आहे. हिमालयाची शिखरं टोकदार असतात, नजर वर खेचून नेतात. आपला सह्याद्री लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेला, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्यामुळे त्याच्या रेषा आडव्या असतात. सपाट माथे, पायऱ्यांसारखे कडे, लांबच लांब धारा. सकाळी श्वास मोजत बसलेल्या माणसाला अशी आडवी रेषा फार बरी वाटते. शिवाय हे डोंगर मी पायाखाली घातलेत.

फोटो माझ्या भाच्याने काढलेला. थंडीत पहाटे अंधारातच तो वेल्ह्यातून तोरणा चढला होता. तोरण्यावरून राजगड आग्नेयेला पडतो, आणि थंडीच्या दिवसांत सूर्यही नेमका तिकडूनच वर येतो. त्यामुळे राजगड उजेडाच्या अलीकडे, बालेकिल्ल्याचा तो ओळखीचा उंचवटा आकाशावर काढल्यासारखा. पुढे तोरण्याहून राजगडाकडे जाणारी डोंगरधार गडद, राजगड त्याहून फिका, आणि मागे एकामागे एक डोंगर, प्रत्येक आधीच्यापेक्षा फिका, शेवटचा तर आकाशातच विरून गेलेला. सगळा फोटो राखाडी, निळसर, थोडा गुलाबी. काळा रंग कुठेच नाही, स्वच्छ पांढराही कुठे नाही. मला हवं होतं ते हेच.

आणि नेमकं हेच छापायला कुणी तयार होईना.

घराजवळच्या मोठ्या फोटो स्टुडिओत फाइल दिली. आकार ठरला ३६ बाय २४ इंच. भाच्याचा कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, फोटो ६००० बाय ४००० पिक्सेल, म्हणजे इंचाला साधारण १६६ पिक्सेल मिळतात. पाच-सहा फुटांवरून बघायच्या चित्राला तेवढे पुरतात. (इथेच सांगते, फाइल व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवू नका, तो ती बारीक करून टाकतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा नाहीतर पेन ड्राइव्ह न्या. गुगलवरून उतरवलेला फोटो मोबाइलवर कितीही छान दिसला तरी या आकारात फुटतो.) काउंटरवरच्या मुलाने दोन दिवसांनी या म्हटलं.

गुंडाळी उलगडली तर समोर वेगळाच डोंगर. आकाश केशरी आणि गर्द निळं, राजगड कोळशासारखा काळा, पुढच्या धारेवरचं वाळलेलं गवत पोपटी. मागचे फिके डोंगर ठळक होऊन पुढे सरकलेले. मी म्हटलं, "हा माझा फोटो नाही." तो म्हणाला, "मॅडम तोच आहे, जरा डल होता, म्हणून ब्राइट करून दिलाय. बघा ना, किती उठून दिसतोय." उठून दिसायला नको होता, हेच त्याला पटेना.

परत करून द्यायचं कबूल केलं. मी समोर उभं राहून कागदावर लिहून घेतलं, रंगात काही बदलायचं नाही. पुढची प्रिंट आली ती तशीच, फक्त केशरी थोडा उतरलेला. आता उत्तर मिळालं, "आम्ही काहीच केलं नाही, फाइलच तशी आहे." मी तिथल्या तिथे मोबाइलवर मूळ फोटो उघडून शेजारी धरला. मुलगा दोन्हींकडे बघत राहिला आणि म्हणाला, "मोबाइलचा डिस्प्ले वेगळा असतो मॅडम." डिस्प्ले वेगळा असतो हे मलाही माहीत आहे. पण डिस्प्लेमुळे गवत पोपटी होत नाही.

मग मालकांशी बोलले. ते म्हणाले, छापण्याआधी प्रीव्ह्यू पाठवतो. प्रीव्ह्यू व्हॉट्सॲपवर आला, अगदी बरोबर होता, मी होकार कळवला. प्रिंट आली ती पुन्हा भडक. या वेळी बाजूंनी थोडं कापलेलंही होतं, कारण कुणीतरी परस्पर ३० बाय २४ चा आकार निवडला होता. ३:२ चा फोटो ५:४ मध्ये बसवायचा म्हणजे डाव्या-उजव्या कडा कापल्या जाणारच. गेली ती नेमकी उजवीकडची डोंगरधार. माझा आवाज त्या दिवशी दुकानात चढला आणि मला त्याचं जराही वाईट वाटत नाही. दर वेळी रिक्षाचे पैसे, दर वेळी "उद्या या", आणि दर वेळी चूक माझ्या फाइलची किंवा माझ्या डोळ्यांची.

खरी गोम नंतर कळली. काउंटरवर ऑर्डर घेतात तिथे छपाईचं मशीनच नसतं. फाइल शहराच्या दुसऱ्या टोकाला लॅबमध्ये जाते. मी कागदावर लिहिलेली सूचना काउंटरच्या वहीतच राहत होती. लॅबमध्ये जायची ती नुसती फाइल. पत्ता मागून मी थेट लॅबमध्ये गेले. तिथला ऑपरेटर शांत स्वभावाचा होता. त्याने दोन मिनिटांत सगळं उलगडून सांगितलं. मशीनच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑटो करेक्शन कायम चालू असतं, कारण येणारं बहुतेक काम लग्नाच्या अल्बमचं, आणि तिथे चेहरे उजळ आणि साड्या गडद हव्याच असतात. सॉफ्टवेअर फोटोतला सगळ्यात गडद भाग शोधतं, तो काळा करतं. सगळ्यात उजळ भाग शोधतं, तो पांढरा करतं. बाकी सगळं त्यामध्ये ताणून बसवतं. धुक्याच्या फोटोत काळं-पांढरं काहीच नसतं, सगळं मधल्या पट्ट्यात. त्यामुळे अशा फोटोची सगळ्यात जास्त ओढाताण होते. धुकं हा सॉफ्टवेअरच्या हिशोबात दोष आहे.

आणि त्या फोटोचा सगळा जीव धुक्यातच तर होता! लांबचा डोंगर फिका दिसतो तो मधली हवा प्रकाश विखुरते म्हणून. तो फिकेपणा काढला की अंतर जातं. दहा-वीस किलोमीटर लांबचा डोंगर खोलीच्या भिंतीला येऊन चिकटतो. मग आठ बाय दहाची खोली आठ बाय दहाचीच राहते. माझ्या छोट्या खोलीला ते अंतर हवं होतं.

ऑपरेटरने ऑटो बंद करून द्यायची तयारी दाखवली, पण दुकानामार्फतच ऑर्डर घ्यावी लागते म्हणाला. त्या दुकानाची पायरी मला परत चढायची नव्हती. पैशांचं भांडण करून अर्धे परत घेतले. पूर्ण मिळायला हवे होते, हे आजही म्हणते.

शेवटी काम झालं ते चित्रकारांची चित्रं छापून देणाऱ्या एका छोट्या जागी. कॉलेजमध्ये चित्रकला शिकवणाऱ्या मैत्रिणीने पाठवलं. तिथल्या काकांनी फाइल उघडली, खुर्ची मागे सरकवून थोडा वेळ नुसती बघितली आणि विचारलं, "धुकं ठेवायचंय ना?" मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. आधी त्यांनी १२ बाय १८ इंचाची चाचणी प्रिंट मॅट, म्हणजे बिनचमकीच्या कागदावर काढून दिली. हा आकारही ३:२ चाच, त्यामुळे काही कापलं जात नाही. म्हणाले, "घरी न्या, लावायचं त्याच भिंतीवर टेपने चिकटवा, तुमच्या वेळेला बघा." हा सल्ला सोन्यासारखा निघाला. दुकानातल्या पांढऱ्याशुभ्र ट्यूबखाली जे निळसर दिसत होतं, ते घरच्या पिवळ्या दिव्यात मातकट दिसलं. त्यांनी निळा किंचित वाढवला, मी सांगितला तेवढाच, आणि मोठी प्रिंट एका झटक्यात बरोबर आली. तयार चित्रापेक्षा महाग पडलं, पण आधीच्या दुकानात घातलेले पैसे धरले तर इथे सुरुवातीलाच येणं स्वस्तच होतं.

कॅनव्हास करू नका असंही त्यांनीच सुचवलं. कॅनव्हास लाकडी चौकटीवर ताणताना चारी बाजूंनी दीड-दोन इंच कडेला वळतो, आणि त्या विणीच्या खरबरीत पोतावर फिक्या छटा हरवतात.

फ्रेम पेठेतल्या जुन्या फ्रेमवाल्याकडून. चित्राभोवती फिक्या रंगाचा माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची चौकट घ्याच, त्यामुळे पुढची काच किंवा ॲक्रिलिक कागदाला टेकत नाही. नाहीतर पावसाळ्यात कागद चिकटतो आणि बुरशीचे ठिपके येतात. साधी काच घेतली असती तर समोरच्या खिडकीचं आणि माझंच प्रतिबिंब त्यात दिसलं असतं, म्हणून चमक न मारणारं ॲक्रिलिक घेतलं. पडलं तरी फुटून अंगावर यायची भीती नाही. मागच्या कोपऱ्यांना रबराची बटणं लावून घ्या म्हणजे भिंतीपासून थोडी फट राहते.

आमची बिल्डिंग मायवानची, म्हणजे साच्यात काँक्रीट ओतून बांधलेली, सगळ्या भिंती काँक्रीटच्या, साधा खिळा वाकतो. हॅमर ड्रिलवाल्याला बोलवावं लागलं. चिकटपट्टीचे हुक वापरू नका, पावसाळ्यात रंगासकट सुटून येतात.

उंचीबद्दल. दिवाणखान्यात चित्र उभ्या माणसाच्या नजरेला लावतात. इथे अर्धा वेळ आपण जमिनीवर असतो, आणि मांडी घातल्यावर माझी नजर जमिनीपासून जेमतेम अडीच फुटांवर येते. म्हणून फ्रेमची खालची कड अडीच फुटांवर ठेवली. बसल्यावर पुढची डोंगरधार समोर येते, आणि वृक्षासनात नजर थोडी खाली उतरून बालेकिल्ल्यावर थांबते. मॅटवर बसून घ्या आणि दुसऱ्या कुणाला तरी पेन्सिलची खूण करायला लावा, एकट्याने जमत नाही.

शवासनाचा प्रश्न राजगडाच्या बाबतीतही होताच, महाराजांच्या गडाकडे पाय करायचे नाहीत. चित्र दक्षिणेच्या भिंतीवर आलं आणि मी डोकं तिकडेच करते, पाय उत्तरेला. वास्तुवालेही डोंगर दक्षिणेला किंवा नैऋत्येला लावायला सांगतात, त्यामुळे सासूबाई खूश आहेत.

दिवा तेवढा बदलायचा राहिलाय. पिवळ्याऐवजी मधल्या रंगाचा, ४००० केल्विनचा घ्यायचा आहे, म्हणजे पहाटे साडेपाचला सगळ्यात मागचा डोंगरही दिसेल. इलेक्ट्रिशियन रविवारी येतो म्हणालाय.