सीएनसीच्या काळात कानस कशाला?

मेकॅनिकलला प्रवेश घेतलेली मुलं, आणि त्यांच्याहून जास्त त्यांचे पालक, मला हमखास विचारतात: "आता सगळं सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरने चालणाऱ्या मशीनवर होतं. मग वर्कशॉपमध्ये कानस घासून नि जुन्या लेथवर (धातू फिरवून कापायच्या मशीनवर) उभं राहून काय मिळणार? फिटर थोडंच व्हायचंय?"

नसेल व्हायचं. (खरा फिटर एका सत्रात होतही नाही.) पण उद्या तुमचं ड्रॉइंग ज्याच्या हातात पडणार, त्याच्या अडचणी तरी कळायला हव्यात. मुलं खाचेचा आतला कोपरा बिनधास्त काटकोनी काढतात. गोल फिरणारा कटर तो कापणार कसा? तिथे त्याच्या त्रिज्येएवढी गोलाई राहणारच. स्क्रीनवर बोल्ट झकास बसतो, पण पाना फिरवायला जागाच ठेवलेली नसते.

सगळ्यात जास्त डोळे उघडतात ते टॉलरन्सच्या, म्हणजे मापात चालणाऱ्या फरकाच्या बाबतीत. ±0.1 मिमीचं ±0.01 करायला कागदावर एक शून्य पुरतं. ते शून्य जॉबवर (बनवायच्या भागावर) आणायचं तर बहुधा टर्निंगनंतर (लेथवर कापून झाल्यावर) ग्राइंडिंग (चाकावर बारीक घासणं) आलं, म्हणजे वेळ आला, खर्च आला. शिवाय मोजणार कशाने? 0.02 लीस्ट काउंटचा, म्हणजे 0.02 मिमीहून बारीक न मोजणारा व्हर्निअर इथे कामाचा नाही. त्याहून बारीक मोजणारा मायक्रोमीटर घेतला तरी मशीनवरून नुकताच उतरवलेला जॉब गरम असतो. 100 मिमी लांबीचं पोलाद 10 अंशांनी तापलं की साधारण 0.012 मिमी वाढतं. सगळी सूट तिथेच संपली! मापं 20 अंश सेल्सिअसला धरतात ती उगाच नाही.

थिअरीही इथेच अंगात मुरते. कॅन्टिलिव्हरचं (एकाच टोकाला धरलेला दांडा किती वाकेल याचं) सूत्र सगळ्यांना पाठ असतं. पण कापणारं टूल त्याला धरणाऱ्या टूलपोस्टच्या फार बाहेर काढलं की लेथ किंचाळायला लागतो, जॉबवर लाटा उमटतात. लांबी दुप्पट केली तर तेवढ्याच बलाने टूल आठपट वाकतं. ते आत घेऊन घट्ट आवळलं की बहुतेकदा आवाज थांबतो, आणि सूत्रातला लांबीचा तो घन पुन्हा पाठ करावा लागत नाही.

सीएनसी शिकाच. पण स्पीड (फिरण्याचा वेग) आणि फीडचे (टूल पुढे सरकण्याच्या वेगाचे) आकडे त्यात भरायचे तुम्हालाच आहेत.

मात्र एका लेथभोवती अख्खी बॅच उभी, एकजण हँडल फिरवतोय आणि बाकीचे जर्नल उतरवून काढताहेत, असं प्रॅक्टिकल असेल तर पालकांचं म्हणणं मला पटतं. कॉलेज बघायला जाल तेव्हा मशीन किती आहेत हे विचारून थांबू नका. एका मशीनवर किती मुलं आणि प्रत्येकाला स्वतःचा जॉब मिळतो का, हे तिथल्या दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा.