चाललं ना, मग सोड

लग्नाच्या व्हिडिओचा एक्स्पोर्ट, म्हणजे एडिटिंग संपवून त्याची एक फाइल काढणं, शंभर टक्के झाला. मधेच खिडकी गायब झाली नाही, स्क्रीन काळी पडली नाही. फाइल अथपासून इतिपर्यंत पाहिली, वरातीतला नाशिक ढोलही कुठे मागेपुढे नाही. दादा म्हणाला, “चाललं ना? मग सोड आता.” तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय. काय सोडू? काल का बंद पडत होतं ते कळलेलं नाही, आणि आज का पडलं नाही तेही नाही.

ताप उतरला, पण कसला होता ते कुणालाच कळलं नाही, अशी गत. असल्या तापाची धास्ती जास्त.

बंद पडण्याचेही प्रकार असतात आणि अर्धं निदान तिथेच होतं, पण सांगणार कुणाला? सगळ्यांच्या लेखी ‘हँग झालं’ हा एकच आजार. प्रत्येक वेळी टाइमलाइनवर, म्हणजे क्लिप ओळीने मांडलेल्या पट्ट्यावर, त्याच जागी थांबत असेल, तर खोट त्या जागेवरच्या कशात तरी असते: तुटकी क्लिप, एखादा प्लगइन (सॉफ्टवेअरला वरून जोडलेली पुरवणी), एखादं टायटल. मग टाइमलाइनचे दोन भाग करायचे, एकेक एक्स्पोर्ट करायचा आणि जो पडेल त्याचे पुन्हा दोन. तासाभराचं लग्न सहा वेळा निम्मं केलं की मिनिटाच्या आत येतं आणि दोषी क्लिप समोर उभी राहते. दर वेळी वेगळ्या जागी पडत असेल, तर टाइमलाइनशी झटापट करण्यात अर्थ नाही. तिथे मशीन बघायचं.

इथे वेगळ्याच जागी पडत होतं. कधी मंगलाष्टकांत, कधी पंगतीत, एकदा तर नुसत्या मांडवाच्या शॉटवर, जिथे ना इफेक्ट ना टायटल. काही न बोलता प्रोग्रामच नाहीसा, खाली डेस्कटॉप.

दादाचं ठाम मत, लाइटचा दोष. लाइटचा असता तर अख्खं मशीन रिस्टार्ट झालं असतं आणि इव्हेंट व्ह्यूअरच्या, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीच्या, सिस्टिम नोंदींत ‘कर्नल-पॉवर ४१’ दिसलं असतं. ते नाही. तरी त्याचं म्हणणं अगदीच उडवून लावण्यासारखं नाही. सहाशे व्हीएचा छोटा यूपीएस जेमतेम ३६० वॅट देतो आणि एक्स्पोर्टच्या वेळी प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही एकदम जोर लावतात. एरवी दिवसभर निमूट चालणारा यूपीएस नेमका तेव्हाच शिट्टी मारून मान टाकतो. घरच्या इन्व्हर्टरवर कॉम्प्युटर असेल तर मागचं बटण यूपीएस मोडला हवं. साध्या मोडवर लाइट गेल्यावर बॅटरीवर यायला जो क्षण लागतो, तेवढ्यात एसएमपीएस, कॉम्प्युटरला आतून वीज पुरवणारा डबा, दम सोडू शकतो. पंखा-ट्यूबलाइटला तो क्षण जाणवतही नाही, म्हणून कुणी ते बटण बघत नाही.

स्क्रीन दोन-तीन सेकंद काळी होऊन परत आली असती, तर ग्राफिक्सचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, म्हटलं असतं. कार्डाने दोन सेकंदांत उत्तर दिलं नाही की विंडोज ड्रायव्हरला उठवून पुन्हा बसवतं, आणि एडिटिंगचं सॉफ्टवेअर त्या धक्क्यातून क्वचितच वाचतं. तिथे इलाज ठरलेला: सेफ मोडमध्ये जुना ड्रायव्हर मुळापासून काढायचा, मग एनव्हिडियाचा गेमचा नाही, स्टुडिओचा ड्रायव्हर टाकायचा. खात्री हवी असेल तर एकदा हार्डवेअर एन्कोडिंग, म्हणजे कार्डाकडून फाइल बनवून घेणं, बंद करून सॉफ्टवेअरवर एक्स्पोर्ट लावायचा. वेळ कितीतरी पट लागतो, पण कार्ड दोषी की निर्दोष ते कळतं.

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये विंडोज लॉग्स, त्यात ॲप्लिकेशन, त्यात १००० क्रमांकाची लाल नोंद. तिच्यात ‘फॉल्टिंग मॉड्यूल’ म्हणून एक नाव असतं. ते ‘एनव्ही’ने सुरू झालं तर ग्राफिक्स. एखाद्या प्लगइनचं असेल तर तो काढून बघायचा. पण इथे दर वेळी निराळं नाव होतं, बरेचदा विंडोजचं स्वतःचंच. म्हणजे प्रोग्रामला मेमरीत भलतंच काहीतरी सापडलं आणि तो कोसळला. ते भलतं तिथे कुणी ठेवलं, हे नोंद सांगत नाही.

इथे येऊन माझा जीव अडकतो. मधल्या काळात मशीनमध्ये बदल काहीच नाही. ड्रायव्हर तोच, कॅशे (सॉफ्टवेअरच्या तात्पुरत्या फाइली) तीच, प्रोजेक्ट तोच. दुपारनंतर वळीव येऊन गेला आणि खोली गार झाली, एवढंच.

उष्णतेने सॉफ्टवेअर सहसा पडत नाही, ते हळू होतं. इंटेलचे बहुतेक डेस्कटॉप प्रोसेसर शंभर अंशांच्या आसपास पोचले की आपला वेग आपणच उतरवतात. पण काठावर चालणारी रॅम गरम झाली की चुकू लागते, आणि रॅम काठावर ठेवायला काही करावं लागत नाही, बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगमध्ये, एक्सएमपी हे रॅमच्या वाढीव वेगाचं प्रोफाइल चालू असलं की पुरे. रॅमच्या पट्टीच्या खोक्यावर ६००० छापलेलं असतं, तो त्या प्रोफाइलचा वेग. डीडीआर-५ जातीच्या रॅमची प्रोफाइल बंद केली की बहुतेक पट्ट्या ४८०० वर येतात. चारही खाचांत पट्ट्या भरल्या की मदरबोर्डाला तो वरचा वेग आणखी जड जातो. ब्राउझरला एखादा बिट इकडचा तिकडे झाल्याचं कळतही नाही. एक्स्पोर्टमध्ये अख्खी रॅम तासभर घुसळली जाते, तिथे ती चूक पकडली जाते. शिव्या मात्र सॉफ्टवेअरला.

इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीच्या प्रोसेसरांचं तेच झालं होतं. लोक गेमला, ड्रायव्हरला, एडिटिंगच्या सॉफ्टवेअरला दोष देत बसले. पडद्यावर संदेश यायचा ग्राफिक्स मेमरी संपल्याचा. २०२४ मध्ये कंपनीनेच मान्य केलं की प्रोसेसर जास्त व्होल्टेज मागून घेतोय, आणि त्या ऑगस्टपासून बायोसमधून दुरुस्ती येऊ लागली. ती पुढची झीज थांबवते, झालेली भरून काढत नाही. म्हणून त्या पिढीचं मशीन असेल तर बाकी काहीही करण्याआधी बायोस अपडेट.

हे सगळं मला ठाऊक आहे आणि तरी मी बसलेय हात चोळत. आपलं काम कुणाला दिसत नाही, याचं वाईट वाटायचे दिवस गेले म्हणते, पण वाटतंच. सुरळीत चाललं तर काहीच घडलेलं नसतं. पडलं तर ‘ताई, रील कधी मिळेल?’ आईला वाटतं मी दिवसभर लोकांची लग्नं बघत बसते.

तेही खोटं नाही म्हणा. पंचवटीपासून सिन्नरपर्यंतच्या सगळ्या व्याह्यांचे चेहरे मला पाठ आहेत, त्यांच्यातलं एकही माणूस मला ओळखत नाही. कॅबिनेटला लिंबू-मिरची बांधावी का, असा विचार आला आणि पहिली शंका आली ती पंख्याची वाट अडेल याची. त्यावर मलाच हसू फुटलं.

दादाचं एका अर्थी बरोबरच आहे. गिऱ्हाइकाला फाइल हवी, कारण नको. पण “सोड” म्हणायला त्याचं काय जातं? उद्या ऊन पडेल. वळीव काय रोज येणार आहे?

म्हणून दोन गोष्टी. एक, एक्सएमपी बंद करून भर दुपारी, खिडक्या लावून, तीच टाइमलाइन पुन्हा एक्स्पोर्टला. पडली नाही तर एक्सएमपी चालू करून पुन्हा. मधे दुसरं काहीही बदलायचं नाही. बाजूला एचडब्ल्यूइन्फो या प्रोग्रामची तापमानाची नोंद चालू. दोन, रात्रभर मेमटेस्ट, म्हणजे रॅम तपासणारा प्रोग्राम, चारही फेऱ्या. एक चूक निघाली तरी पट्टी बाद. ‘एकच तर आहे’ हा हिशेब रॅमला लागू नाही. चूक निघाली तर एकेक पट्टी एकाच खाचेत लावून पुन्हा, म्हणजे पट्टी खराब की खाच ते कळेल.

पडावं असं मनातून वाटतंय. हे कुणाला सांगण्यासारखं नाही.

तोवर बाकीची साफसफाई. व्हर्च्युअल मेमरी (डिस्कवरची राखीव मेमरी) कुणीतरी ‘रॅम भरपूर आहे’ म्हणून बंद केली होती, ती परत विंडोजच्या हवाली. बंद असली की रॅम मोकळी दिसत असतानाही प्रोग्राम मेमरी मिळत नाही म्हणून मरतो. कॅशे वेगळ्या एसएसडीवर, आणि ती कधी काठोकाठ भरू द्यायची नाही. ऑटोसेव्ह पाच मिनिटांवर आणि तेही दुसऱ्या डिस्कवर. फॉन्टही कमी करायचेत. ‘शुभविवाह’ एकदा लिहायला शेकड्यांनी जुने मराठी फॉन्ट भरलेत, त्यातले निम्मे युनिकोडच्या आधीचे, काही एकाच नावाचे दोन-दोन. सॉफ्टवेअर उघडतानाच सगळे वाचत बसतं आणि त्यातला एखादा फाटका निघाला की तिथेच थांबतं.

शनिवारी हळदीचं फुटेज येईल. कॅमेऱ्याचं एच.२६५, दहा बिट, ४:२:२ आहे, म्हणजे घट्ट दाबलेलं, रंगांची जास्त माहिती असलेलं. ते एनव्हिडियाच्या कार्डांना हार्डवेअरवर उलगडता येऊ लागलं थेट ५० मालिकेत, २०२५ला. इंटेलच्या आतल्या ग्राफिक्सला मात्र ११व्या पिढीपासून येतं. म्हणून चार पैसे वाचवायला नावापुढे ‘एफ’ असलेला प्रोसेसर घ्यायचा नाही, त्यात आतलं ग्राफिक्सच नसतं. ते नसेल तर आधी प्रॉक्सी, म्हणजे क्लिपच्या हलक्या प्रती, मग कापाकापी.

मोबाइलच्या क्लिप वेगळ्या फोल्डरला. फाइलची माहिती दाखवणाऱ्या मीडियाइन्फोत फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) ‘व्हेरिएबल’, म्हणजे कमीजास्त होणारा, दिसला की हँडब्रेक या रूपांतराच्या प्रोग्राममधून कॉन्स्टंट पंचवीसवर आणायच्या आणि मगच टाइमलाइनवर घ्यायच्या, नाहीतर ओठ एकीकडे आणि उखाणा दुसरीकडे. आत्याने आधीच एक पाठवलाय. उभा, व्हॉट्सॲपवर, आणि खाली लिहिलंय, ‘हा मेन व्हिडिओत घे गं.’