रिकाम्या रेडचे पैसे

दारव्ह्याच्या दिवाणी न्यायालयात वकील म्हणून माझ्याकडे येणारे कागद बहुतेक जमिनीचे असतात. वाटणी, धुऱ्याचे वाद, सातबाऱ्यावरचा बोजा, कधी मोटार अपघाताचा दावा. खेळाडूचा करार त्या दिवशी पहिल्यांदाच हातात आला, आणि तो वाचताना जो राग आला तो अजून पुरता गेलेला नाही.

जुलै महिना होता. पेरणी उरकून पावसाने दडी मारली होती, तालुकाभर दुबार पेरणीची धास्ती. ज्यांचं वाटणीचं प्रकरण मी चालवते ते काकाजी दुपारच्या सुट्टीत आले. सोबत काकू आणि 19 वर्षांचा मुलगा. मुलगा रेडर, म्हणजे कबड्डीत चढाई करणारा. आसपासच्या गावांतल्या खुल्या सामन्यांत नाव कमावलेला. निवड चाचणीतून एका खासगी कबड्डी संघाने त्याला घेतलं होतं. करार मोबाइलवर पीडीएफ म्हणून आला होता, सगळा इंग्रजीत, आणि संध्याकाळी 6 पर्यंत सही करून परत पाठवायचा होता.

दोन पर्याय दिले होते. पहिल्यात हंगामाचे 6 लाख, हमीचे. दुसऱ्यात हमी फक्त 2 लाखांची; वर मॅटवर उतरेल त्या प्रत्येक सामन्याचे 15 हजार, प्रत्येक रेड पॉइंटला 2 हजार आणि सुपर टेन, म्हणजे एका सामन्यात दहा किंवा त्याहून जास्त रेड पॉइंट, झाला तर 25 हजार. त्याखाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं : 14 लाखांपर्यंत कमाई.

मुलाची नजर त्या 14 लाखांवरून हलत नव्हती. काकाजींनी मला एकच विचारलं, "मॅडम, हे 14 लाख खरंच भेटन का जी?"

मी वही काढली. साखळीत 18 सामने. सगळ्या 18 मध्ये तो उतरला असं धरलं, तरी सामन्यांचे 2 लाख 70 हजार. प्रत्येक सामन्यात सुपर टेन केला, तर त्याचे साडेचार लाख. सरासरी 13 पॉइंट धरले तर 234 पॉइंटांचे 4 लाख 68 हजार. हमीचे 2 लाख मिळवून बेरीज झाली 13 लाख 88 हजार. एवढं सगळं करूनही 14 लाख होत नाहीत. प्रो कबड्डीत 2017 च्या पाचव्या हंगामात प्रदीप नरवालने 26 सामन्यांत 369 रेड पॉइंट मिळवले. सामन्यामागे 14 पॉइंट. म्हणजे ठळक अक्षरांतला तो आकडा गाठायला आमच्या पोराने पहिल्याच वर्षी, मॅटवर नवखा असताना, नरवालच्या त्या हंगामाच्या जवळपास खेळायला हवं होतं.

मी त्याला विचारलं, "संघात आधीचे रेडर किती?"

"तीन. दोघं मोठे हायेत."

"मग तुला कधी उतरवतील?"

तो म्हणाला, "तिसऱ्या रेडले." दोन रेड लागोपाठ रिकाम्या, म्हणजे पॉइंटशिवाय, गेल्या की तिसऱ्या रेडला पॉइंट आणावाच लागतो, नाहीतर रेडर बाद. मोठ्या रेडरला वाचवायचं म्हणून अशा वेळी नवीन पोराला पाठवतात. समोरच्यांनाही हे ठाऊक असतं. ते मागे सरकून, साखळी धरून वाटच पाहत असतात. म्हणजे ज्या रेडमध्ये पकडलं जाण्याची शक्यता सगळ्यात जास्त, नेमक्या त्याच रेड याच्या वाट्याला येणार आणि पैसे मात्र पॉइंट आला तरच.

मग त्याने स्वतःहून जे सांगितलं, तिथे माझ्या दृष्टीने त्या कराराचा निकाल लागला. "मॅडम, आपण पाचनं पुढं असलो आन दोन मिनिटं उरले, तर कोच म्हन्ते, जा, तीस सेकंद काढून ये. कोनालेच हात नाई लावाचा. तवा रिकामं येनंच काम असते."

"त्या रेडचे पैसे किती?"

"शून्य."

संघाला जिंकून देणारी रेड, कोचच्या हुकमावरून केलेली, आणि करारात तिची किंमत शून्य. उलट त्याच वेळी लोभाने बोनस रेषेकडे पाय टाकला आणि पॉइंट मिळाला तर 2 हजार, पकडला गेला तर सामना धोक्यात. असा करार खेळाडूला आपल्याच संघाविरुद्ध खेळायला लावतो. अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलला हे फार पूर्वी कळलं आहे. तिथे किती सामने खेळलात, किती डाव चेंडू टाकलात, किती वेळा फलंदाजीला आलात यावर बोनस देता येतो. किती होमरन मारले किंवा सरासरी किती राहिली यावर देता येत नाही, नियमच तसा आहे.

इतका वेळ काकू काही बोलल्या नव्हत्या. त्या शेतात निंदणाचं काम सोडून आल्या होत्या. मी किलोचा आणि रोजाचा दर असं काहीतरी म्हणाले, तेव्हा त्या चटकन म्हणाल्या, "सीतादही झाली का पयल्या वेचणीले किलोनं परवडते. बोंडं हाताशी असते. फरदडीले कोन जाते किलोनं? दिवसभर वाका तं चार किलो बी नाई भरत. तवा रोजच घेतो आमी."

आयुष्यभर कापूस वेचलेल्या बाईने त्या कराराचं मर्म एका दमात सांगितलं. मुलाच्या वाट्याला फरदड, म्हणजे मुख्य वेचण्या संपल्यावर उरलेला विरळ कापूस, येणार होती आणि दर किलोचा लावला होता.

मग पहिला पर्याय घ्यावा, 6 लाख हमी, विषय संपला, असं कोणालाही वाटेल. काकाजींनाही तसंच वाटत होतं. त्यांनी स्वतः तरुणपणी सालदारी केलेली. गुढीपाडव्याला साल ठरायचं, मग पाऊस येवो न येवो, ठरलेलं मिळायचं. पण मी त्या पर्यायाच्या पुढच्या अटी वाचून दाखवायला लागले तसा त्यांचा चेहरा बदलत गेला. हमी घेतली तर आणखी दोन हंगाम याच पैशात ठेवून घ्यायचा हक्क संघाला होता. पोराने पहिल्या वर्षी नाव केलं तरी पुढची दोन वर्षं 6 लाखच. त्यानंतर संघ सोडला तर वर्षभर दुसऱ्या संघाकडून खेळायचं नाही. काकाजी म्हणाले, "सालदाराले रात नसते, मॅडम. पन आमचं साल वर्षाचं होतं. दुसऱ्या पाडव्याले आमी मोकळे."

वर्षभराच्या बंदीची मला चिंता नव्हती. भारतीय करार कायदा, 1872 चं कलम 27 अशा बंदीला उभं राहू देत नाही. करार चालू असताना दुसरीकडे खेळू नको म्हणता येतं, संपल्यावर नाही. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने झहीर खानच्या प्रकरणात हेच सांगितलं. परसेप्ट डीमार्क ही कंपनी त्याच्या जाहिरातींचं काम पाहायची आणि करार संपल्यानंतरही पहिला हक्क आपलाच म्हणत होती. न्यायालयाने तो मानला नाही. पण दारव्ह्याचा 19 वर्षांचा मुलगा सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाणार नाही, हे तो मसुदा लिहिणाऱ्यालाही ठाऊक असावं. त्यामुळे ते वाक्य काढून टाकणंच बरं.

खरं विष पुढे होतं. कोणत्याही कारणाने खेळाडू सलग 15 दिवस अनुपलब्ध राहिला, तर संघाला करार रद्द करता येईल आणि न दिलेली रक्कम देण्याचं बंधन राहणार नाही. दुखापत वेगळी काढलेली नव्हती. ही अट दोन्ही पर्यायांना लागू होती. पहिल्या पानावर 6 लाखांची हमी आणि मागच्या पानावर गुडघा मुरगळला की ती गेली.

मी अपघाताचे दावे चालवते. पाय गेलेल्या मजुराची कमाई किती होती हे सिद्ध करताना काय होतं, ते मला माहीत आहे. कबड्डीत तर गुडघा आणि घोटा यांच्यावरच सगळा खेळ. 2022 मध्ये प्रो कबड्डीतल्या तमिळ थलायवाज संघाने रेडर पवन सेहरावतला 2 कोटी 26 लाखांना घेतलं. हंगामाच्या पहिल्याच सामन्यात त्याच्या गुडघ्याला दुखापत झाली आणि तो पूर्ण हंगाम बाहेर बसला. पुढच्या लिलावात तेलुगू टायटन्सने त्याच्यासाठी 2 कोटी 60 लाखांहून जास्त मोजले, कारण तो पवन सेहरावत होता. पहिल्याच वर्षी गुडघा गेलेल्या नवख्या पोरासाठी पुढच्या वर्षी कोण हात वर करणार?

तीन वाजता एका तारखेसाठी उठावं लागलं. परत आले तेव्हा तिघेही बाकावर तसेच बसलेले. मी संघाच्या व्यवस्थापकाला फोन लावला. माणूस मराठी होता, बोलायला सभ्य. तो म्हणाला, "मॅडम, हमी दिली की पोरं ढिली पडतात. पैसे हातात आले की शिबिरात पोट घेऊन येतात. आमचंही नुकसान होतं."

ही बाजू मी खोटी मानत नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये 2022 साली क्लीव्हलँड ब्राउन्सने डेशॉन वॉटसनला 5 वर्षांसाठी 23 कोटी डॉलर दिले, सगळेच्या सगळे हमीचे. पहिल्या वर्षी त्याच्यावर 11 सामन्यांची बंदी आली, दुसऱ्या वर्षी खांदा गेला, तिसऱ्या वर्षी टाचेची शीर तुटली. पैसे ठरलेलेच. अशा उदाहरणाने संघमालकांची झोप उडणारच. पण दोन लाख आणि सहा लाखांच्या व्यवहारात ती भीती 19 वर्षांच्या पोराच्या अंगावर टाकायची, हे मला पटत नाही. जोखीम पेलायची ताकद ज्याच्याकडे जास्त, त्याने ती जास्त घ्यावी.

मी त्याला म्हणाले, ढिला पडू नये म्हणून अट घाला ना. शिबिराला वेळेवर हजर, वजन मर्यादेत, तंदुरुस्तीची चाचणी पास. हे सगळं त्याच्या हातात आहे. हे मोडलं तर हमी कापा, मी स्वतः लिहून देते. पण त्याला मॅटवर उतरवायचं की नाही हे तुमचा कोच ठरवणार आणि न उतरल्याचा भुर्दंड पोराने भरायचा, हे कसं?

मग मी क्रिकेटचा दाखला दिला. मार्च 2024 मध्ये क्रिकेट मंडळाने कसोटीसाठी प्रोत्साहन योजना आणली. हंगामातल्या 75 टक्क्यांहून जास्त कसोटींत जो राहील त्याला अंतिम अकरात असल्यास प्रत्येक सामन्यामागे 45 लाख जादा, बाहेर बसला असेल तर साडेबावीस लाख. शतकाचे वेगळे पैसे नाहीत, पाच बळींचे नाहीत. बाकावर बसणाऱ्यालाही अर्धे मिळतात, कारण तोही तयारीत असतो. "देशातलं सगळ्यात श्रीमंत मंडळ हजेरीवर बोनस देतं," मी म्हणाले, "तर तुम्ही पॉइंटवर कशाला देता?"

तो म्हणाला, विचारून सांगतो. पाऊण तासाने त्याचाच फोन आला.

ठरलं ते असं. एकाच हंगामाचा करार. हमी साडेचार लाखांची, तीन हप्त्यांत : सहीनंतर, हंगाम अर्धा झाल्यावर आणि शेवटच्या सामन्यानंतर 7 दिवसांत. ज्या सामन्यासाठी 12 जणांत नाव असेल त्याचे 10 हजार, मॅटवर उतरो वा न उतरो. संघ बाद फेरीत गेला तर 50 हजार. रेड पॉइंटचे वेगळे पैसे नाहीत. सरावात किंवा सामन्यात दुखापत झाली तर संपूर्ण हमी आणि उपचाराचा खर्च संघाचा. वर्षभराची बंदी गेली.

दोन गोष्टींवर ते हलले नाहीत. लवाद त्यांच्याच शहरात बसणार, आणि दुखापत किती, खेळता येईल की नाही, हे त्यांचाच डॉक्टर ठरवणार. दुसऱ्या मतासाठी मी यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचं नाव सुचवलं, पण नकार आला. मी हे तिघांना मराठीत नीट समजावलं. मुलाला 14 लाख सुटल्याची हळहळ वाटत होती, ती त्याने लपवली नाही. पण मग त्याने वहीतला हिशेब पुन्हा एकदा स्वतः मांडला आणि सही केली. सहाला दहा मिनिटं कमी होती. पहिला हप्ता आल्यावर त्यातून आधी बियाणं घेतलं आणि सोसायटीचं थकलेलं व्याज भरलं, हे काकूंनी नंतर सांगितलं.

हंगामात तो 13 सामन्यांत बारा जणांत होता आणि 5 सामन्यांत मॅटवर उतरला, बहुतेक वेळा तिसऱ्या रेडलाच. रेड पॉइंट मिळाले 11. संघ बाद फेरीत गेला नाही. हाती आले 5 लाख 80 हजार. दुसऱ्या पर्यायाने 2 लाख 97 हजार आले असते. पहिल्याने 20 हजार जास्त मिळाले असते, पण आज तो त्याच पैशात आणखी दोन वर्षं बांधलेला असता. एका सामन्यात शेवटच्या मिनिटाला त्याने तीस सेकंद काढून रिकामी रेड केली आणि संघ दोन गुणांनी जिंकला. रात्री त्याने मला फोन करून मुद्दाम सांगितलं.

आता पुढच्या हंगामाचा मसुदा आला आहे, हमी वाढवून. डॉक्टरचं कलम मात्र त्यात जसंच्या तसं आहे. या वेळी बोलणं मी तिथूनच सुरू केलं आहे, पैशांचा विषय त्यानंतर.