ताईला फिट यावी म्हणून आम्ही चार दिवस वाट बघत बसलो

ताईला पहिली फिट आली तेव्हा ती दहावीत होती आणि मी सहावीत. आता ती 31 ची आहे. मधल्या काळात कांदा हुंगवून झाला, चप्पल हुंगवून झाली, हातात किल्ल्यांचा जुडगा देऊन झाला, आणि हे सगळं करत असताना गोळ्याही चालूच होत्या, आधी ऑक्सकार्बाझेपिन मग त्यात लेव्हेटिरासिटाम मग वरून क्लोबाझाम. तिची फिट म्हणजे सिनेमात दाखवतात तसं फेस येऊन पडणं नाही, पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं होतं, मग नजर थिजते, तोंड काहीतरी चघळल्यासारखं हलतं, हाताने ओढणी चाळत बसते आणि दीडेक मिनिटाने "काय झालं?" म्हणून आपल्यालाच विचारते. महिन्यातून पाच-सहा वेळा. स्थळं बघायला लागले तेव्हा नातेवाइकांचं एकच, सांगू नका. 1999 लाच हिंदू विवाह कायद्यातल्या लग्न रद्द करायच्या कारणांमधून एपिलेप्सी (फिट येण्याचा आजार, अपस्मार) काढून टाकलीय पण ते आमच्या आत्याला कोण सांगणार.

मुंबईच्या डॉक्टर मॅडमनी पहिल्याच भेटीत सांगितलं की दोन नीट निवडलेली औषधं नीट डोसमध्ये घेऊनही फिट थांबत नसतील तर तिसऱ्या चौथ्या गोळीने थांबायची शक्यता फार कमी असते, अशा वेळी फिट मेंदूत कुठून सुरू होते ते शोधायचं आणि जागा सापडली तर ऑपरेशनचा विचार करायचा. साधारण तीनातल्या एका पेशंटचं असंच होतं म्हणे. इतकी वर्षं हे आम्हाला कोणी बोललंच नव्हतं.

जुना एमआरआय आम्ही जपून नेला होता, रिपोर्टमध्ये नॉर्मल लिहिलेलं. मॅडमनी फिल्म उजेडाला धरली आणि बाजूला ठेवली. जाड जाड स्लाइस आहेत, एपिलेप्सीसाठी एक-एक मिलीमीटरचे कट घ्यावे लागतात, यात बारीक काही असलं तरी दिसणार नाही. मग 3 टेस्लाच्या म्हणजे जास्त ताकदीच्या मशीनवर परत केला, पाऊण तास. त्यातही ठळक असं काही नाही, फक्त उजव्या टेम्पोरल भागाचं (कानाजवळचा मेंदूचा भाग) टोक डाव्यापेक्षा जरा धूसर वाटतंय, पण एवढ्यावर कोणी डोकं उघडत नाही.

म्हणून व्हिडिओ ईईजीसाठी अ‍ॅडमिट, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींची नोंद आणि सोबत व्हिडिओ. डोक्यावर इलेक्ट्रोड डकवून वरून बँडेज, ताई क्रिकेटमध्ये जखमी झाल्यासारखी दिसत होती. समोर कॅमेरा, हाताशी बटण, गोळ्या हळूहळू बंद. आणि इथून तो विचित्र प्रकार सुरू झाला. 16 वर्षं जी येऊ नये म्हणून आई उपास करायची ती फिट आता यावी म्हणून आम्ही टक लावून बसलेलो, आणि ती येईना! पहिला दिवस गेला, दुसरा गेला. रात्री जागवून ठेवलं तरी नाही. आईने तर हळूच विचारलं, बरी झाली असेल का गं ही.

घाई अशासाठी की स्पेक्ट नावाचा स्कॅन करायचा होता. फिट सुरू झाल्या झाल्या शिरेत टेक्नेशियम या किरणोत्सारी औषधाचं इंजेक्शन द्यायचं, त्या क्षणी मेंदूत जिथे रक्त जास्त धावतंय तिथे ते औषध जाऊन अडकतं आणि मग तिथेच राहतं, त्यामुळे स्कॅन दोन तासांनी केला तरी चित्र फिटच्या वेळचंच मिळतं. पण उशीर झाला तर तोवर फिट इकडेतिकडे पसरलेली असते आणि चित्रही पसरलेलंच येतं. डोस रोज सकाळी शिशाच्या डब्यातून यायचा, सहा तासांत त्याचा जोर निम्मा, म्हणजे संध्याकाळनंतर काही उपयोग नाही. आणि ताईची पहिली फिट आली पहाटे साडेतीनला. सिस्टर बिचाऱ्या माझ्यापेक्षा जास्त हळहळल्या.

चौथ्या दिवशी अकराच्या सुमारास ताई पोहे खात होती. चमचा तोंडापाशी आला आणि तिथेच थांबला. मी बटण दाबायचं सोडून चमचाच धरला, आईने बटण दाबलं, तोपर्यंत सिस्टरनी इंजेक्शन रिकामंही केलं होतं आणि घड्याळ बघून सेकंदासकट वेळ लिहीत होत्या. दुसऱ्या सिस्टर ओरडून विचारतायत, नाव सांगा, हात वर करा, "गुलाब" शब्द लक्षात ठेवा. ताईला गुलाब काही आठवला नाही. नंतर मॅडमनी व्हिडिओ दाखवला, उजवा हात चादर चाळतोय आणि डावा हात कोपरात वाकून ताठ झालाय. म्हणजे सुरुवात बहुतेक उजवीकडून. तो डावा हात आम्ही इतक्या वर्षांत एकदाही बघितला नव्हता, सगळे तोंडाकडेच बघायचो.

फिट नसतानाचा स्पेक्ट वेगळ्या दिवशी झाला. पेट नावाचा दुसरा स्कॅनपण झाला, उपाशीपोटी, साखरेसारखं औषध टोचून अर्धा तास अंधाऱ्या खोलीत गप्प पडून राहायचं, मोबाइल नाही बोलणं नाही. गंमत म्हणजे नाव पेट, पण दोन फिटच्या मध्ये ती जागा साखर कमी घेते म्हणून त्यात ती विझलेली दिसते, आणि स्पेक्टमध्ये तीच पेटलेली. दोन स्पेक्टची वजाबाकी करून जे उरलं ते एमआरआयवर ठेवलं तर उजव्या टेम्पोरलच्या टोकालाच, पेटमधली विझलेली जागाही तीच, आणि मग ते धूसर टोक परत उघडून बघितल्यावर मलासुद्धा दिसलं, राखाडी आणि पांढऱ्यामधली रेघ तिथे पुसल्यासारखी आहे. मॅडम म्हणाल्या फोकल कॉर्टिकल डिस्प्लेसिया असावा, म्हणजे पेशींची रचना जन्मापासूनच तिथे चुकलेली.

ताईचा प्रश्न एकच, हे काढलं तर मी काय विसरणार. त्यासाठी मेमरीच्या टेस्ट झाल्या आणि बोलण्याची जागा कुठल्या बाजूला आहे ते बघायला फंक्शनल एमआरआय. मशीनमध्ये पडून "क" पासूनचे शब्द मनात म्हणायचे. कोथिंबीर, कढई, कुकर, किसणी, सगळं स्वयंपाकघरच आठवलं आणि मग एकदम कुलकर्णी सर, असं ती बाहेर येऊन हसत सांगत होती. भाषा डावीकडे निघाली, म्हणजे ऑपरेशनच्या बाजूला नाही.

सगळ्या डॉक्टरांची मीटिंग होऊन ठरलं की सगळं एकाच जागेकडे बोट दाखवतंय, मेंदूच्या आत तारा घालून परत तपासायची गरज नाही. फिट थांबायची शक्यता चांगली आहे पण गॅरंटी नाही, आणि गोळ्या नंतरही चालू राहणार हे तीनदा सांगितलं. तारीख दिवाळीनंतरची मिळालीय. तोवर गोळ्या परत पूर्ण डोसवर, आणि किल्ल्यांचा जुडगा अजून ताईच्या उशाखालीच आहे, आई तो काढू देत नाहीये.